वाचकांचे प्रश्न : एकसारखे फोन आणि एकाच पायावरचे ब्राउझर

मोबाइल फोनची घडण आणि फोनवरील वाचन या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पुणे आणि परिसरातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच दिशेने आहे : कोणी कोणाचे उचलले? काही प्रश्न थोडे आटोपशीर करून येथे उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : आमच्या घरात चार कंपन्यांचे चार फोन आहेत. जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की कोणता कोणाचा हे वाजल्याशिवाय कळत नाही. पूर्वी प्रत्येक फोनचे रूप वेगळे असे. कंपन्यांची कल्पकता आटली आहे की सगळे एकमेकांचे पाहून काढतात?
— एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, कारण मात्र केवळ नकलेचे नाही. पूर्वीच्या फोनचे रूप कळांच्या मांडणीवरून ठरत असे. नोकियाच्या ३६५० या फोनवर अंक वर्तुळात मांडलेले होते, २००३ साली आलेला एन-गेज बोलताना कानाला आडवा लावावा लागे, मोटोरोलाचा रेझर घडी घालून मिटत असे आणि ब्लॅकबेरीचा अर्धा चेहरा बारीक कळांनी व्यापलेला असे. बोटाने चालणारा पडदा आल्यावर कळांची गरज संपली आणि फोनच्या पुढच्या बाजूला काचेखेरीज दाखवण्यासारखे काही उरले नाही. एलजी कंपनीने प्राडा हा फोन डिसेंबर २००६ मध्ये जाहीर केला आणि ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला. इतक्या थोड्या अंतराने पुढे आलेल्या दोन फोनांपैकी दुसऱ्याने पहिल्याचे पाहून काढले असे म्हणता येणार नाही, कारण असा फोन घडवायला महिने नव्हे, वर्षे लागतात. एकाच अडचणीतून दोघांनी एकच वाट काढली, इतकेच.

स्वयंपाकघरातले प्रेशर कुकर पाहा. झाकण आतून बसणारे की बाहेरून, एवढा फरक सोडला तर सगळ्यांचे रूप सारखेच असते आणि त्याबद्दल कोणी कोणावर चोरीचा आळ घेत नाही, कारण वाफ कोंडायची तर भांडे तसेच असावे लागते. हातात मावणारा, खिशात सरकणारा आणि जास्तीत जास्त पडदा दाखवणारा फोनही मूठ आणि अंगठा यांच्या मापातच घडतो. त्यात सुटे भाग बनवणारे मोजकेच. कॅमेऱ्याचे सेन्सर अनेक कंपन्या सोनीकडून घेतात, काच बऱ्याचदा कॉर्निंगची असते, आणि २०१७ च्या आयफोन टेनचा पडदा तर ॲपलने ज्या सॅमसंगशी वर्षानुवर्षे न्यायालयात भांडण केले, त्याच सॅमसंगकडून विकत घेतला होता.

असे असले तरी आपला संशय निराधार नाही, आणि त्याचे उदाहरण त्याच फोनमध्ये आहे. आयफोन टेनच्या पडद्याला वरच्या बाजूला जी खाच होती, तिच्यात चेहरा ओळखण्याची यंत्रणा बसवलेली होती. म्हणजे खाच दिसायला बरी नसली तरी तिला काम होते. काही महिने आधी आलेल्या इसेन्शियल फोनलाही खाच होती, पण ती केवळ पुढच्या कॅमेऱ्यापुरती आणि अगदी लहान. पुढच्याच वर्षी बाजारात रुंद खाचेच्या अँड्रॉइड फोनांची रांग लागली आणि त्यांतल्या कित्येकांच्या खाचेत एक साधा कॅमेरा आणि कर्णा एवढेच होते. उपाय उचलला तर त्याला मी शिकणे म्हणेन. येथे उपायाची गरज नसताना त्याची खूण तेवढी उचलली गेली, आणि नक्कल हा शब्द मी तिच्यासाठी राखून ठेवतो.

प्रश्न : ॲपल आणि सॅमसंग यांच्या खटल्यात ‘गोल कोपऱ्यांचा आयत’ ॲपलच्या मालकीचा ठरला असे आमच्या वर्गात सांगितले जाते. हे खरे आहे का? आणि भारतात असा दावा टिकेल का?
— विधी शाखेचा एक विद्यार्थी, डेक्कन जिमखाना

उत्तर : असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे, पण त्यात तथ्यांश आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ॲपलने एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा लावला. त्यात दोन प्रकारची पेटंटे होती. काही फोनच्या दिसण्याविषयीची होती : काचेचा पुढचा सपाट चेहरा, त्याभोवतीची कड आणि चित्रखुणांची ओळीने मांडणी. काही वागण्याविषयीची होती, आणि त्यांतले एक तर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाखालून रोज जाते. यादी सरकवत तळाशी पोहोचलो की ती एकदम अडत नाही, रबर ताणल्यासारखी थोडी पुढे जाऊन मागे येते. ती लकब पेटंटाने राखलेली होती. खटल्यात सॅमसंगचा २०१० सालचा १३२ पानांचा अंतर्गत अहवालही पुढे आला. त्यात आपला गॅलेक्सी एस आणि आयफोन शेजारी ठेवून, कोठे काय सुधारावे हे एकेक पडदा घेऊन लिहून काढले होते. प्रतिस्पर्ध्याची वस्तू उघडून अभ्यासणे प्रत्येक उद्योगात चालते. पण पानापानावर ‘त्यांचे असे, आपले तसे करावे’ असे लिहिलेले असेल, तर ज्यूरीसमोर त्याचा बचाव करणे अवघड जाते.

ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने ॲपलला सुमारे १०५ कोटी डॉलर देवविले. आता आपल्या वर्गात बहुधा जे सांगितले गेले नसेल ते पाहा. गोल कोपऱ्यांचा आयत ज्या आरेखनात सर्वांत उघडपणे दिसतो ते टॅब्लेटचे होते, आणि त्या आरेखनाचा भंग सॅमसंगच्या टॅब्लेटने केला, हा दावा याच ज्यूरीने फेटाळला. त्याआधी एका सुनावणीत न्यायाधीश लूसी को यांनी दोन्ही टॅब्लेट हातात उंच धरून, यांतला सॅमसंगचा कोणता, असे सॅमसंगच्याच वकिलांना विचारले होते आणि वकिलांनी एवढ्या अंतरावरून सांगता येत नाही असे उत्तर दिले होते. इतके होऊनही टॅब्लेटचा दावा टिकला नाही. इंग्लंडमध्ये तर जुलै २०१२ मध्ये न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी सॅमसंगचा टॅब्लेट ॲपलच्या आरेखनाइतका रुबाबदार नाही, म्हणून पाहणाऱ्याची गल्लत होणार नाही, असा निवाडा दिला. दावा जिंकून एवढा अपमान सोसावा लागलेली दुसरी कंपनी मला आठवत नाही.

पुढे वाद मालकीवरून रकमेवर गेला. आरेखन फोनच्या एका भागाचे असेल, तर संपूर्ण फोनचा नफा भरपाई म्हणून द्यायचा का? डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की भरपाईचा आधार संपूर्ण वस्तूच असला पाहिजे असे नाही, तो तिचा एखादा भागही असू शकतो. पण तो भाग कसा ठरवायचा याची कसोटी मात्र घालून दिली नाही. मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने ५३.९ कोटी डॉलरचा आकडा काढला आणि जूनमध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. सात वर्षांच्या लढाईनंतर भागाची व्याख्या होती तेथेच राहिली.

देशागणिक निकाल कसे पालटतात, याचे आणखी चांगले उदाहरण बोट सरकवून कुलूप उघडण्याचे आहे. अमेरिकेत याच दोन कंपन्यांच्या दुसऱ्या खटल्यात ॲपलचे हे पेटंट टिकले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मात्र ते २०१५ मध्ये रद्द ठरवले, कारण निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनवर बोट सरकवून कुलूप उघडण्याची सोय आयफोनच्या आधीपासून होती.

आपल्याकडे दिसण्याचे संरक्षण पेटंट कायद्याखाली येत नाही; ते डिझाइन कायदा, २००० खाली येते. नोंदणी १० वर्षांची असते आणि ती आणखी ५ वर्षे वाढवता येते. केवळ डोळ्याला दिसणारे रूपच त्यात राखता येते; रचनेचे तत्त्व किंवा यांत्रिक सोय राखता येत नाही. म्हणजे मूठ आणि अंगठा यांनीच घडवलेला आकार हा वापराचा भाग की रूपाचा, यावर येथे पहिल्याच तारखेला वाद होईल. शिवाय कलम २२ खाली एका नोंदणीमागे ठरीव रक्कम जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळू शकते. त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागण्याचा मार्ग खुला असतो. मोबाइल फोनवरून आपल्याकडे झालेले मोठे खटले म्हणूनच दिसण्याचे नाहीत, ते फोनमधल्या दूरसंचार पेटंटांचे आहेत. एरिक्सन या दूरसंचार कंपनीने मायक्रोमॅक्स, शाओमी आणि लावा या फोन कंपन्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले, आणि मार्च २०२४ मध्ये लावाला २४४ कोटी रुपये देण्याचा आदेश झाला. आपण शोधनिबंधाचा विषय शोधत असाल, तर आयताचा नाद सोडून या खटल्यांकडे वळावे.

प्रश्न : माझ्या आयफोनवर तीन निरनिराळे ब्राउझर आहेत, तरी एखादे पान एकात बिघडले की तिन्हींत सारखेच बिघडते. शिवाय पत्ता लिहिण्याची पट्टी हल्ली सगळ्यांनी खाली आणली आहे. ही कल्पना मुळात कोणाची?
— माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एक वाचक, कोथरूड

उत्तर : पानाचा मजकूर, चित्रे आणि मांडणी वाचून ती पडद्यावर रेखाटण्याचे काम ब्राउझरच्या पोटातले इंजिन करते. आपल्या तिन्ही ब्राउझरांची नावे आणि बटणे वेगळी असली तरी इंजिन एकच आहे, वेबकिट, कारण आयफोनवर दुसरे इंजिन आणण्यास ॲपलची मनाई आहे. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे ॲपलला ही वाट मोकळी करावी लागली. आपल्याकडे ती सोय नाही. ब्राउझरची पाटी बदलल्याने पानाचा बिघाड जाणार नाही.

या इंजिनाची वंशावळ मात्र नक्कल या विषयावर विचार करणाऱ्या प्रत्येकाने पाहावी अशी आहे. त्याचा उगम केएचटीएमएल या नावाने लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या जगातल्या केडीई नावाच्या प्रकल्पात झाला. तो खुला होता, घेणाऱ्याने आपले बदलही खुले ठेवावेत एवढीच अट होती. ॲपलने ते घेतले आणि त्यावर उभा केलेला सफारी जानेवारी २००३ मध्ये जाहीर केला. नोकियाने आयफोन येण्याआधीच आपल्या फोनांवर त्याच पायाचा ब्राउझर दिला. २००८ मध्ये गूगलने क्रोम त्यावरच बांधला आणि २०१३ मध्ये ब्लिंक नावाची वेगळी शाखा काढली. आज आयफोन सोडला तर मायक्रोसॉफ्टचा एज, सॅमसंगचा ब्राउझर आणि ऑपेरा हे सगळे ब्लिंकवर चालतात. फोनच्या कडेच्या वळणावरून कोटींचे दावे लावणाऱ्या कंपन्या, फोनवरील सर्वांत अवघड यंत्रणा एकाच घरातून घेऊन गुण्यागोविंदाने नांदत होत्या. त्याला कोणी चोरी म्हटले नाही, कारण घेण्याची परवानगी आधीच लिहून दिलेली होती.

पट्टीचे म्हणाल तर मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनवर २०११ मध्येच ती खाली ठेवली होती. तो फोन चालला नाही, त्यामुळे त्याच्या चांगल्या गोष्टींचे श्रेयही त्याच्याबरोबर गेले. गूगलने अँड्रॉइडवर हा प्रयोग करून पाहिला आणि सोडून दिला. ॲपलने २०२१ मध्ये सफारीची पट्टी खाली आणली, तेव्हा लोकांनी इतकी कुरकूर केली की चाचणी सुरू असतानाच मांडणी बदलून, हवी त्याने ती पुन्हा वर न्यावी अशी सोय द्यावी लागली. आता गूगलनेही तोच पर्याय दिला आहे. हातातला फोन साडेसहा इंचांचा झाल्यावर वरच्या काठापर्यंत अंगठा पोहोचत नाही. पीएमटीच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायला कोणाच्या संशोधनाची गरज नाही. (पीएमपीएमएल होऊन बरीच वर्षे झाली, पण बसला आम्ही अजून पीएमटीच म्हणतो.)

पान खाली ओढून ताजे करण्याची रीत लॉरेन ब्रिक्टर यांनी २००९ च्या सुमारास ट्विटर वाचण्याच्या ट्वीटी या ॲपमध्ये आणली. ती ट्विटरकडे गेली, तिचे पेटंटही झाले. पण पेटंटांचा वापर केवळ बचावासाठी करू, असा करार ट्विटरने २०१२ मध्ये जाहीर केला. म्हणून ती रीत आज प्रत्येक फोनमध्ये आहे. ती एकाच कंपनीने राखून ठेवली असती, तर फोन बदलला की बोटांना नवी सवय लावण्याचा खटाटोप आपल्याला करावा लागला असता.

प्रश्न : आमच्या छोट्या प्रकाशन संस्थेचे संकेतस्थळ संगणकावर व्यवस्थित दिसते, फोनवर अक्षरे मुंगीएवढी होतात आणि जुन्या पानांवर तर मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरे येतात. आम्हाला वेगळे ॲप करून घ्यावे लागेल, असे एका व्यावसायिकाने सांगितले आहे. तसे करावे का?
— एक प्रकाशक, नारायण पेठ

उत्तर : ॲप करू नये. पुस्तकांची यादी आणि किमती पाहण्यासाठी कोणी आपल्या फोनवर ॲप उतरवून घेणार नाही. आपला आजार त्याहून साधा आहे, आणि तो दुहेरी आहे.

अक्षरे बारीक दिसण्याचे कारण असे की पानाने आपली रुंदी सांगितली नसेल, तर फोन ते पान ९८० बिंदू रुंदीचे समजून आखतो आणि मग पडद्यात बसेल इतके आक्रसतो. संगणकासाठी लिहिलेली पाने मोडू नयेत म्हणून ॲपलने आयफोनच्या ब्राउझरमध्ये ही युक्ती केली, आणि पडद्याच्या रुंदीनेच आखा असे पानाने सांगण्याची व्ह्यूपोर्ट नावाची खूणही दिली. बाकीच्यांनी दोन्ही उचलल्या आणि त्या उचलल्या हे वाचकांच्या भाग्याचेच, नाहीतर प्रत्येक फोनसाठी वेगळे पान लिहावे लागले असते. आपल्या पानात ती एक ओळ नसावी. ती घालावी आणि पडद्याप्रमाणे रचना बदलणारी मांडणी करून घ्यावी. हे तंत्र ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडले, तेव्हा ते कोणाही विकासकाला ठाऊक असलेच पाहिजे.

जुन्या पानांचा रोग वेगळा. ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये, बसवलेली असणार. त्या पद्धतीत आत साठवलेली अक्षरे इंग्रजीच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. कार्यालयातल्या संगणकावर तो फॉन्ट आहे म्हणून आपल्याला मराठी दिसते. ग्राहकाच्या फोनवर तो नाही, म्हणून मुखवटा गळतो. ज्या पुण्यात श्रीलिपीसारखी मराठी टंकलेखनाची प्रणाली घडली आणि जेथे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत भारतीय लिप्यांवर इतके काम झाले, तेथे असा मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. पालटलेला मजकूर एकदा मुद्रितशोधकाच्या नजरेखालून घालावा. जोडाक्षरे आणि रफार या ठिकाणी घोटाळे राहतात.

नवी रचना करून घेताना फोन हातात घेऊन एक गोष्ट स्वतः तपासावी. इंग्रजी पानाचे साचे जसेच्या तसे वापरले की ओळींमधले अंतर देवनागरीला अपुरे पडते. ‘कीर्ती’ लिहिले की वेलांटीचा शेंडा आणि रफार वरच्या ओळीत घुसतात किंवा शीर्षकाच्या चौकटीत चक्क छाटले जातात, आणि खाली ‘कृष्ण’ मधली ऋकाराची शेपटी दिसेनाशी होते. दोन अक्षरांत अंतर वाढवण्याची इंग्रजीतली हौस मराठीत केली, तर शिरोरेषा तुटते. पुष्कळ वाचकांना आठवत असेल, एकेकाळी साध्या फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसत आणि ऑपेरा मिनीच्या अंतर्गत सेटिंगमध्ये शिरून, गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपाने दाखवा, असा पर्याय चालू करावा लागे. आता चौकोन गेले, तर निदान वेलांटी तरी कापू नये.

प्रश्न : महागड्या फोनसारखाच दिसणारा फोन एक जण निम्म्याहून कमी किमतीत देतो आहे. घ्यावा का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला मिळताजुळता फोन असेल, तर खुशाल घ्यावा. तेच नाव, तेच बोधचिन्ह आणि निम्मी किंमत असेल, तर तो बनावट किंवा चोरीचा असण्याची शक्यता मोठी. पैसे देण्यापूर्वी त्या फोनवर *#०६# दाबून आयएमईआय हा फोनची ओळख पटवणारा क्रमांक पाहावा आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येते. विक्रेता एवढा वेळ थांबायला तयार नसेल, तर उत्तर मिळालेच.

प्रश्न : एका कंपनीने हेडफोनचे भोक बुजवले, बाकीच्यांनी बुजवले. एकाने खोक्यातून चार्जर काढला, बाकीच्यांनी काढला. चांगल्या गोष्टींची नक्कल समजू शकते, पण ही कसली? आणि मी माझे जुने तारेचे हेडफोन टाकून द्यावेत का?
— संगीताच्या एक अभ्यासक, एरंडवणे

उत्तर : नकलेवर राग धरायचाच, तर तो येथे धरावा. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचे भोक काढले. त्याच वर्षी गूगलने आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत, आमच्याकडे ते आहे, असा टोमणा मारला आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून ते काढले. सॅमसंगनेही ॲपलची टिंगल केली आणि २०१९ च्या नोट १० मधून ते वगळले. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला, तेव्हा सॅमसंगने पुन्हा चिमटा काढला आणि तीनच महिन्यांत गॅलेक्सी एस २१ चार्जरविना आणला. पर्यावरणाचे कारण सांगितले गेले, आणि घरात चार चार्जर असणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण वाचलेल्या खर्चाइतकी किंमत मी तरी उतरलेली पाहिली नाही. एखादी सोय उचलताना कंपनीला खटल्याची धास्ती असते. सोय काढून घेण्याची नक्कल करताना ती नसते, कारण वगळण्याचे पेटंट कोणी घेत नाही. स्पर्धकांनी ती जागा भरली असती तर गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळले असते. त्याऐवजी सगळ्यांनी बिनतारी इअरफोन विकायला काढले.

आपले हेडफोन टाकू नयेत. तारेतून येणारा आवाज विलंबाशिवाय येतो. तबल्याच्या साथीवर रियाझ करणाऱ्याला बिनतारी यंत्रातला क्षणाचा उशीरही जाणवतो, आणि समेवर येताना तर फारच. टाइप-सी मधून ३.५ मिलिमीटरचे भोक देणारा छोटा जोड काही शे रुपयांत मिळतो. मात्र काही फोन आवाजाचे रूपांतर स्वतः करून देतात आणि काही देत नाहीत, म्हणून ज्याच्या आत रूपांतराची चिप आहे असाच जोड मागावा. दुकानदार त्याला डॅक असलेला म्हणतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात, तर आपला फोन आणि हेडफोन दोन्ही बरोबर न्यावेत आणि दुकानातच लावून ऐकावे. फोन चार्ज होत असतानाही ऐकायचे असेल, तर दोन तोंडांचा जोड घ्यावा लागेल, आणि तो घेताना चार्जरची पिन लावल्यावर आवाजात घरघर येत नाही ना, हे तेथेच पाहून घ्यावे.